सात मिनिटांवर दवाखाना

टेपच्या टोकाची पत्र्याची आकडी बाबांच्या अंगठ्याखालून पुन्हा निसटली, फरशीवर टिणकन वाजली, आणि पिवळी पट्टी सळसळत तिच्या मुठीतल्या डबीत परत येऊन बसली — तिसऱ्यांदा. अंगठ्याच्या नखावर काळा डाग होता, वाटाण्याएवढा. रविवारी तिनंच त्यांची नखं कापली होती, तेव्हा नव्हता. म्हणजे चार दिवसांतला. अंगठा दारात सापडला असेल. विचारावं का... पण विचारलं की ते सांगायला लागणार, आणि सांगता सांगता कुठून कुठे जातील याचा नेम नाही, आणि आज त्यांनी नको तिथे जाऊ नये म्हणून ती सकाळपासून जीव मुठीत धरून होती.

"दाबून धरा ना, बाबा."

"धरलंय मी. तूच ओढतेस हिसका देऊन."

बैठकीची खोली चार मीटर पाच. नऊ वर्षांपूर्वी तिनं हीच खोली चार मीटर वीस लिहिली होती. मधल्या काळात भिंती काही आत सरकलेल्या नव्हत्या. तेव्हा ती नोकरीत नवी होती, पंधरा दिवसांची, आणि हात जरा सढळ होता, एवढंच. घरं विकून देणाऱ्या ऑफिसात तिचं काम हेच — घर मोजायचं, मग घराभोवतालच्या सोयी पायी मोजायच्या, शाळा किती मिनिटांवर, बस किती मिनिटांवर, बाग, बाजार, दवाखाना, आणि त्या सगळ्याचं एका पानाचं माहितीपत्रक लिहायचं, गोडसं. ऑफिसात तिला ‘पाच मिनिटं’ म्हणतात. अहो पाच मिनिटं, जरा इकडे या. स्मशान किती मिनिटांवर हो, असं एकदा कुणीतरी विचारलं होतं आणि सगळे खो खो हसले होते, तीही हसली होती. ती एक सोय पत्रकात लिहायची नसते. आई तेव्हा होती.

तिचं पहिलंवहिलं पत्रक या घराचं. ते ती हौसेनं घेऊन गेली होती, भाड्याच्या दोन खोल्यांत, आईला दाखवायला — बघ, छापून आलंय, शब्द न् शब्द माझा — आणि आईनं चष्मा लावून वाचलं, मग बाबांनी वाचलं, मग पुन्हा आईनं, आणि दोन महिन्यांत दोघांनी हेच घर घेतलं. दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालायला लिहिलेलं घर तिच्याच आईवडिलांच्या गळ्यात पडलं. पुढे सहा वर्षं आई येईल त्याला सांगायची, लेकीनं निवडून दिलेलं घर. मी निवडलं नव्हतं. मी फक्त लिहिलं होतं.

आणि आता तेच घर पुन्हा लिहायचं. बाबा ते विकून तिच्याकडे राहायला येणार होते, पुढच्या एक तारखेला. मागची खोली रिकामी करून झाली होती, नवऱ्यानं खिडकीला नवा पडदा लावला होता, जेवणाच्या टेबलाशी चौथी खुर्चीही आली होती. सगळं ठरलं होतं. फक्त त्या खुर्चीत बाबा बसायच्या आधी तिला त्यांना एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायचा दिवस आजचा होता, कारण यानंतर या घरात दोघंच असे निवांत पुन्हा भेटणार नव्हते. तीन वर्षं ती हा दिवस पुढे ढकलत आली होती.

"सोयी घ्यायच्या का आता?" बाबांनी टेप तिच्या हातात दिली आणि कपाटाच्या वरच्या खणातून ते जुनं पत्रक काढलं. प्लॅस्टिकच्या आवरणात घालून ठेवलेलं, कडा न दुमडलेल्या. आयुष्यभर वाचनालयात नोकरी केलेला माणूस. कागदाला तो माणसापेक्षा जपतो, असं आई म्हणायची. ‘शांतता राखा’ या पाटीखाली चौतीस वर्षं बसल्यामुळे की काय, बाबांचा आवाज कधी चढलेलाच तिला आठवत नाही. आई गच्चीवर असली तर खालून हाक मारायच्याऐवजी ते जिने चढून वर जायचे आणि जवळ जाऊन सांगायचे, जेवायला चल. आई वैतागायची... अहो, हाकेला काय पैसे पडतात?

"मी वाचतो, तू खूण कर," बाबा म्हणाले. "दूध, भाजी — दोन मिनिटं."

"बरोबर."

"शाळा चार."

"हो."

"बसथांबा सहा."

"तो पुढे सरकलाय, बाबा. आठ होतील."

"आठ कर मग. खोटं कशाला लिहायचं? बाग तीन. आणि दवाखा—"

"चहा टाकू का?"

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आत्ताच तर झाला."

खाई त्याला खवखवे. ती उगाच उठली, खिडकीची रुंदी मोजली, जी आधीच मोजून झाली होती, आणि वहीत पुन्हा लिहिली. बाबांनी कागदावर बोट तसंच ठेवलं होतं, त्या ओळीवर. की तिलाच तसं वाटलं? चोराच्या मनात चांदणं... ते बोट नुसतंच ठेवलेलं असेल, म्हाताऱ्या माणसाचं बोट, विसरून राहिलेलं. पण तीन वर्षांत बाबांनी पेला जरा जोरात टेकवला तरी तिला वाटायचं, आता विचारणार. ते खाकरले तरी वाटायचं. टीव्हीवर कुठल्या तरी दवाखान्याची जाहिरात लागली की ती उठून आत जायची, काहीतरी आणायला, आणि आत जाऊन नुसती उभी राहायची.

एवढ्यात ऑफिसातून साहेबांचा फोन. संध्याकाळपर्यंत पत्रक हवं, उद्या एक जोडपं बघायला येतंय, सोबत म्हातारी आई. "जुनंच उतरवून काढा हो. घर तेच, रस्ते तेच. बाग काय चालत गेली का कुठे?" स्वतःच्या विनोदावर साहेब हसले. ती म्हणाली, नाही साहेब, पुन्हा मोजते. का, ते तिनं सांगितलं नाही.

कारण काय सांगायचं होतं? नऊ वर्षांपूर्वी ती दांड्याला लावलेलं मोजायचं चाक ढकलत या दारातून निघाली, सकाळी दहाला, बागेच्या फाटकातून आत शिरली, बाग ओलांडून पलीकडच्या फाटकानं बाहेर पडली आणि दवाखान्याच्या पायरीशी थांबली. चाकावर पाचशे साठ मीटर. ऑफिसचा हिशेब मिनिटाला ऐंशी. म्हणजे सात मिनिटं. यात खोटं काहीच नव्हतं. पण फाटकावर पाटी होती. ‘बागेची वेळ सकाळी सहा ते अकरा, दुपारी चार ते आठ. इतर वेळी फाटक बंद राहील.’ पाटी मी वाचली होती. मला पाट्या वाचायची खोडच आहे, बाबांकडून आलेली. वाचली, आणि त्या क्षणी डोक्यात आलेलं वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं — भर दुपारी कोण जातंय दवाखान्यात! वळसा घालून किती होतात ते मोजलंसुद्धा नाही. ऊन चढत होतं, अजून बसथांबा मोजायचा होता, आणि ‘सात मिनिटांवर दवाखाना’ हे कागदावर किती छान दिसत होतं.

आई गेली ती दुपारीच. सकाळपासून हात जड वाटतोय म्हणत होती. एकच्या सुमारास छातीत कळ आली तेव्हा बाबा गाडी बोलवू म्हणाले, आणि आई म्हणाली, सात मिनिटांसाठी गाडी कसली? हे बाबांनीच सांगितलेलं. तेराव्या दिवसापर्यंत जो येईल त्याला त्यांनी सांगितलं, त्याच शब्दांत, त्याच हळू आवाजात: निघालो, बागेपर्यंत गेलो, तर फाटक बंद. त्या रखवालदारानं फाटक बंद करून ठेवलेलं. मग मोठ्या रस्त्यानं वळसा... इस्त्रीवाल्याच्या पायरीवर ती बसली ती बसलीच. इस्त्रीवाल्यानं कुणाची तरी गाडी थांबवली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर. आणि प्रत्येक वेळी ती त्याच खोलीत असायची, आल्यागेल्याला पाणी देत. एकदाही कुणी विचारलं नाही की बाग दुपारी बंद असते हे तुम्हाला माहीत नव्हतं का. आणि एकदाही ती म्हणाली नाही की मला माहीत होतं.

बाबांनी बागेच्या ऑफिसात अर्ज दिला. अर्ज तिच्याकडूनच लिहून घेतला, त्यांना तेव्हा लिहवत नव्हतं. रखवालदाराच्या बेपर्वाईमुळे — हा शब्द त्यांनी दोनदा सांगितला, बेपर्वाई — आणि तिनं तो लिहिला, नीट, वळणदार अक्षरात. त्यानंतर दर रविवारी ती इथे येते. गोळ्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरते, नखं कापते, चादरी बदलते, कानात ड्रॉप घालते. शेजारची बाई म्हणते, मुलगी असावी तर अशी. हे ऐकलं की ती विषय बदलते.

जेवणं झाली. भांडी आवरून तिनं दाराआडचं चाक काढलं, तेव्हा बाबा पलंगावर आडवे झालेले होते, हात डोळ्यांवर.

"कुठे निघालीस उन्हाची?"

"सोयी मोजायला."

"आत्ता? दुपारी?"

"दुपारीच."

बाबांनी डोळ्यांवरचा हात काढला नाही. "सगळं लिहिलेलं आहे की त्यात," ते म्हणाले, आणि भिंतीकडे वळले. कुशीवर वळलेल्या त्या पाठीकडे बघत ती जराशी उभी राहिली. आत्ता म्हणावं... आत्ता, तोंड दिसत नाही तोवर. पण नाही, आधी मोजून येते. हातात खरा आकडा असला की बोलायला बळ येईल. आकड्याशिवाय मला कधी काही बोलताच आलेलं नाही.

रस्ता रिकामा होता. दोन्ही बाजूंना सारखीच बैठी घरं, सारखीच कुंपणं, एका कुंपणावर वाळत घातलेलं पायपुसणं. चाक दगडी फरसबंदीवर कटकटत चाललं होतं आणि ती मुद्दाम हळू चालत होती — आईच्या चालीनं. आईची चाल कशी होती? डावं पाऊल किंचित फाकून. चार पावलं टाकून थांबायचं, कुणाच्या तरी दारातलं झाड बघतोय असं दाखवायचं. दम लागलाय हे कबूल करायचं नाही. ऑफिसच्या हिशेबात मिनिटाला ऐंशी मीटर चालणारा तो माणूस कोण आहे, देव जाणे. कधी त्याला धाप लागत नाही, कधी त्याच्या हातात पिशवी नसते, कधी तो दुपारी आजारी पडत नाही. बागेच्या फाटकापर्यंत दोनशे चाळीस मीटर. पत्रकाप्रमाणे तीन मिनिटं. तिला अकरा लागली.

फाटकाला साखळी, साखळीला कुलूप. पाटी तीच, नव्यानं रंगवलेली. आत, फाटकापासून दहा पावलांवर, रखवालदाराची पत्र्याची खोली, आणि खोलीच्या सावलीत तोच माणूस गुडघ्यावर डबा घेऊन जेवत बसलेला. तीन वर्षांत तिनं त्याच्याकडे नजर वर करून पाहिलं नव्हतं. केस पार पांढरे झाले होते.

तिला पाहून तो उठला, हात तसाच बाजूला धरून फाटकाशी आला. "बंद आहे ताई. चारला उघडेल."

"ठाऊक आहे. मी मोजायला आलेय."

त्यानं चाकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि ओळख पटल्यासारखा जरा मागे सरला. "तुम्ही त्या वाचनालयातल्या साहेबांच्या कन्या ना?"

ती हो म्हणाली. आणि मग, काहीही ठरवलेलं नसताना, जे घरी पलंगाजवळ उभं राहून बोलता आलं नव्हतं ते फाटकाच्या गजांतून त्या परक्या माणसाला तिनं धडाधड सांगून टाकलं — की तो सात मिनिटांचा आकडा तिचा, पाटी तिनं वाचली होती, तरी लिहिला, आणि अर्जसुद्धा तिच्याच अक्षरात आहे, आणि दोष मात्र त्याच्यावर आला. बोलताना तिनं दोन्ही हातांनी गज धरले होते. ऊन लागून ते चांगलेच तापलेले होते.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तुमचं काय त्यात ताई? पाटी ती पाटी. पण दुपारी कुणाला दवाखान्यात जायचं असलं की हाक मारायचे, मी उघडायचो. सगळ्या वस्तीला माहीत होतं. आता नाही जमत. त्या अर्जानंतर किल्ली अकरा वाजता ऑफिसात जमा करावी लागते."

"मग त्या दिवशी..." ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही नव्हता का इथे?"

 बोलून गेलो ते बरं नाही झालं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट उमटलं. तो खरकट्या हाताकडे बघत राहिला.

"सांगा ना."

"होतो. इथंच जेवत होतो. दिसले मला दोघं."

"मग?"

"वाटलं, हाक मारतील. बाई म्हणालेल्याही, मला ऐकू आलं — अहो, मारा ना हाक त्याला, तो उघडतो. साहेबांनी पाटीकडे बोट केलं. म्हणाले, नियम आहे, तो बिचारा जेवत असेल, कशाला ओरडायचं... वळसा घालू, कितीसा वेळ लागतोय. आणि गेले." त्यानं बोटानं मोठा रस्ता दाखवला. "बाईंना बरं नाही हे मला कळलंच नाही हो ताई. कळलं असतं तर तसाच धावलो असतो. हात खरकटा होता, म्हटलं, धुऊन उघडतो, तोवर ते गेलेच..."

"चौकशी झाली तेव्हा सांगितलं नाहीत हे?"

"काय सांगणार? माणसाची बायको गेलेली. त्याच्या तोंडावर म्हणू, तुम्ही हाक मारली नाही म्हणून?"

ती तिथून निघाली, मोठ्या रस्त्यानं, चाक पुढे ढकलत. पहिले शंभर-दोनशे मीटर तिला नुसतं हलकं वाटत होतं. हलकं, हो, खोटं कशाला बोलू. तीन वर्षांचं ओझं कुणीतरी अलगद उतरवून घेतल्यासारखं, आणि पाय आपोआप भरभर पडायला लागले. माझी पाटी नव्हे. माझा आकडा नव्हे. फाटक उघडणारं होतं, फक्त तोंड उघडायचं होतं! मग इस्त्रीवाल्याची पायरी आली — एकच पायरी, दगडी, मधोमध झिजलेली — आणि त्या हलकेपणाची तिला इतकी लाज वाटली की चाक थांबवून तिनं भिंतीला टेकवलं. आईनं सांगितलं होतं, मारा हाक. छातीत कळ असताना आईला स्वतःला हाक मारता येत नव्हती म्हणून तिनं नवऱ्याला सांगितलं होतं, आणि नवऱ्याला त्या माणसाच्या जेवणाची काळजी पडली होती. मरणाच्या दारात सभ्यता! आणि लाज ओसरते न ओसरते तोच तिला राग आला. बाबांवर. हा राग तिला नवा होता. तीन वर्षांत बाबांविषयी तिला दया आली होती, माया आली होती, भीती वाटली होती. राग येण्याचा हक्कच आपण गमावलाय अशी तिची समजूत होती. आता तो आला तो असा, पाहुण्यासारखा दारात न थांबता थेट स्वयंपाकघरात. रविवारच्या गोळ्या, नखं, कानातले ड्रॉप... त्या सगळ्यातून अपराध काढून घेतला तर खाली काही उरतं की नाही? माया खरी होती की नुसतं दंड भरणं चाललं होतं?

दवाखान्याच्या दारात चाकावर एक हजार पाचशे वीस भरले. एकोणीस मिनिटं. आईच्या चालीनं किती, ते तिनं मोजलं नाही.

परत आली तेव्हा बाबा उठून बसले होते, पत्रक मांडीवर. तोंड धुतलं होतं, केस विंचरले होते. कुणी येणार असलं की बसतात तसे बसले होते.

"किती भरलं?"

"फाटक उघडं असेल तर सात. नसेल तर एकोणीस."

 तिनं चाक भिंतीशी उभं केलं आणि ती त्यांच्या समोर वेताच्या मोड्यावर बसली. बोलायचं ठरलं होतं ते बोलायलाच हवं होतं. रागामुळे ते उलट सोपं झालं.

"बाबा, ती पाटी मी तेव्हाच वाचली होती. घर पहिल्यांदा मोजलं तेव्हाच. दुपारी बाग बंद असते हे मला माहीत होतं. तरी सात लिहिलं. वाटलं, दुपारी कोण जातं दवाखान्यात."

झालं. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट, तीन वर्षं दडवलेली, आणि बोलायला लागलं ते अर्धं मिनिटसुद्धा नाही. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. बाबा आवरणावरून हलकेच बोट फिरवत होते.

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"इथे राहायला आलो त्याच आठवड्यात कळलं. दुपारी फिरायला निघालो तर फाटक बंद. तुझी आई काय हसली तेव्हा! म्हणाली, लेकीनं दुपार मोजलीच नाही. मग म्हणाली, तिला बोलू नका हं काही, पहिलीच नोकरी आहे तिची, हिरमुसेल."

"म्हणजे तुम्हाला दोघांना... आणि तरी तुम्ही मला तीन वर्षांत कधी..."

"काय बोलायचं त्यात?" बाबांचा आवाज नेहमीसारखाच, पलीकडे कुणी वाचत बसलंय असा. "आपलेच दात, आपलेच ओठ. तुझं मन खायचं ते मला दिसत होतं की. म्हटलं, हिला वाटेल तेव्हा बोलेल. चूक तुझी नाही, पोरी. तू कशाला जिवाला लावून घेतेस? त्या माणसाची चूक. फाटक बंद होतं."

मन खायचं ते दिसत होतं. दिसत होतं! मी उठून आत जाऊन उभी राहायचे तेव्हा हे इथे बसून ओळखत होते, का उठली ते. आणि मी बाहेर आले की पुढचा पाय सरकवत होते, नखं कापायला. तिला वाटलं होतं, सांगितल्यावर ते चिडतील, किंवा रडतील, किंवा म्हणतील, चालती हो. त्यांनी माफ केलं, इतक्या सहज, खिशातलं सुपारीचं खांड काढून द्यावं तसं. आणि ती माफी हातात घेऊन आता तिला कळेना, ही ठेवायची कुठे.

"फाटक बंद होतं," बाबा पुन्हा म्हणाले, आणि या वेळी त्यांनी वर पाहिलं.

त्या नजरेत काय होतं ते तिनं लगेच ओळखलं. न ओळखून कसं चालेल. तीन वर्षं ते तिच्याच पोटात राहत होतं. हिला कळलंय का? ही आत्ता फाटकापर्यंत जाऊन आलीय, तिथे तो माणूस असतो... हिला काही कळलंय का? म्हातारे डोळे, कडांना ओले, माझ्या तोंडावर काहीतरी शोधत होते आणि सापडू नये म्हणून देवाला नवस करत होते. वाक्य माझ्या जिभेवर आलेलं होतं. हाक का नाही मारलीत? चार शब्द. ते बोलले असते तर दोघं एकदाची समोरासमोर येऊन रडलो असतो, कदाचित. कदाचित ते बसल्या जागीच खचले असते आणि पुन्हा उठलेच नसते.

"हो बाबा," ती म्हणाली. "बंद होतं."

बाबांनी पत्रक मांडीवरून बाजूला ठेवलं. मग बऱ्याच मोकळ्या आवाजात त्यांनी विचारलं, "मग लिहिणार काय? एकोणीस लिहिलंस तर घर पडून राहील."

"राहू दे. त्यांच्याबरोबर म्हातारी आई आहे."

तिनं वही उघडली आणि एकोणीस लिहिलं. बाबा पंख्याचं बटण लावायला उठले, जाता जाता त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर, आणि ती आकसली नाही, हलली नाही, नुसती लिहीत राहिली. त्यांना दुखवायचं नाही म्हणून आपण गप्प बसलो, हे तिनं स्वतःला सांगून पाहिलं. बाबांनीही तीन वर्षं स्वतःला हेच सांगितलं असेल. पण त्या चांगुलपणाच्या तळाशी दुसरंही एक काहीतरी होतं, आणि ते आपल्यात आहे हे तिला आत्ता, पंखा फिरायला लागता लागता, पहिल्यांदा समजलं: पुढेमागे उपयोगी पडेल. ज्या दिवशी ते मला फार बोलतील, ज्या दिवशी मी दमलेली असेन आणि ते तिसऱ्यांदा पाणी मागतील, त्या दिवशी हे वाक्य माझ्याजवळ असेल. एक तारखेपासून रोज समोरासमोर जेवायला बसायचं, त्यांना गरम गरम वाढायचं, घास अडकला तर पाठीवरून हात फिरवायचा, आणि हे आत ठेवून हसायचं, वर्षानुवर्षं. हे तिला जमणार होतं. जमेल का, अशी शंकासुद्धा आली नाही, आणि तिला भीती वाटली ती त्याचीच.